प्रौढांतील दंतहानी आणि चर्वणक्षमता

प्रौढ वयात कायमचे दात गमावल्यामुळे अन्न तोडण्याच्या, फोडण्याच्या व दळण्याच्या सामर्थ्यात होणारी घट हा दंतवैद्यक, आहारशास्त्र आणि वृद्धारोग्य या तिन्ही शाखांचा अभ्यासविषय आहे. अन्नाचे बारीक तुकडे करणे, ते लाळेत कालवणे आणि त्यांचा गिळण्याजोगा मऊ घास बनवणे या क्षमतेला चर्वणक्षमता असे म्हणतात. ही क्षमता केवळ तोंडात किती दात उरले आहेत यावर ठरत नाही. कोणते दात उरले, वरच्या दाताला खालचा जोडीदार दात आहे की नाही, जबड्याच्या स्नायूंत किती बळ आहे, लाळ पुरेशी सुटते का आणि जीभ घास नीट फिरवते का, या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २० वर्षे व त्यावरील वयाच्या जवळजवळ ७ टक्के व्यक्तींच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नाही. ६० वर्षे व त्यावरील वयोगटात हे प्रमाण २३ टक्के आहे. दात पडणे हे वृद्धत्वाचे अटळ लक्षण आहे असा सार्वत्रिक समज असला, तरी बहुतेक दात वयामुळे नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांमुळे जातात.

संज्ञा

एक किंवा अधिक दात गमावण्याला दंतहानी आणि सर्व दात गमावण्याला पूर्ण दंतहीनता म्हणतात. बोलभाषेत दात नसलेल्या तोंडाला ‘बोळके’ हा शब्द रूढ आहे. बसवलेल्या कृत्रिम दातांच्या संचाला ‘कवळी’ म्हणतात.

अभ्यासक चर्वणाच्या संदर्भात दोन गोष्टींत भेद करतात. अन्न प्रत्यक्षात किती बारीक होते हे चाचणीने मोजता येते. त्याला चर्वणकार्य असे म्हणता येईल. आपल्याला किती चावता येते याविषयी व्यक्तीचे स्वतःचे मत ही दुसरी गोष्ट. या दोहोंचा मेळ नेहमीच बसत नाही. दात एकेक करून, अनेक वर्षांच्या अंतराने जातात, आणि प्रत्येक वेळी माणूस आपला आहार नकळत थोडा बदलतो. त्यामुळे चर्वणकार्य बरेच उतरलेले असतानाही ‘मला सगळे खाता येते’ असे उत्तर मिळते. ‘सगळे’ या शब्दातून काय काय गळून पडले आहे, हे त्या व्यक्तीच्या ध्यानातही राहिलेले नसते.

दातांची रचना आणि चर्वणाची क्रिया

प्रौढ माणसाला एकूण ३२ कायमचे दात असतात. त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे :

पटाशीचे दात – ८. अन्नाचा तुकडा तोडण्यासाठी.
सुळे – ४. चिवट पदार्थ धरून फाडण्यासाठी.
उपदाढा – ८, अन्न चेचण्यासाठी.
दाढा – १२, अन्न दळण्यासाठी. यांत चार अक्कलदाढांचा समावेश होतो.

अक्कलदाढा अनेकांना पूर्णपणे येत नाहीत किंवा काढाव्या लागतात. त्या नसल्या तरी उरलेल्या २८ दातांवर चर्वण उत्तम होते.

पुढच्या दातांचे काम विळीसारखे, तर दाढांचे काम जात्यासारखे असते. जात्याच्या वरच्या व खालच्या तळीमध्ये धान्य सापडले तरच त्याचे पीठ होते; त्याचप्रमाणे वरची व खालची दाढ एकमेकींवर टेकल्या तरच अन्न दळले जाते. दाढा जबड्याच्या सांध्याला जवळ असल्यामुळे तेथे स्नायूंचा जोर अधिक मिळतो. अडकित्त्यात सुपारी टोकाशी न ठेवता बिजागरीजवळ ठेवतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. नैसर्गिक दात असलेल्या निरोगी प्रौढाच्या दाढांवर जास्तीत जास्त साधारण ३०० ते ७०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० ते ७० किलोग्रॅम वजनाइतका दाब निर्माण होऊ शकतो. रोजच्या जेवणात यातील थोडाच भाग वापरला जातो. उरलेले बळ कठीण पदार्थांसाठी राखीव असते.

जबडा हलवणाऱ्या मुख्य स्नायूंना त्रिमूल तंत्रिका चालना देते. चावण्याची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्क स्तंभातून नियंत्रित होते, म्हणून चालण्याप्रमाणे चावणेही लक्ष न देता चालू राहते. प्रत्येक दाताचे मूळ एका पातळ तंतुमय आवरणाने हाडाशी जोडलेले असते. या आवरणात दाबाची जाणीव करून देणारी तंत्रिकाग्रे असतात. भातातील बारीक खडा दाताखाली येताच जबडा क्षणात थांबतो, तो या जाणिवेमुळे. दात काढल्यावर हे आवरणही जाते आणि त्याबरोबर ही सूक्ष्म जाण नाहीशी होते.

प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती तुकड्यांना एकत्र बांधते, घास निसरडा करते आणि पिठूळ पदार्थांच्या पचनास तोंडातच आरंभ करते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी इत्यादींवरील काही औषधांनी लाळ कमी होते. अशा वेळी दात असूनही कोरडा पदार्थ गिळणे कठीण जाते.

दात गमावण्याची कारणे

प्रौढांमध्ये दात जाण्याची दोन मुख्य कारणे आहेत : दंतक्षय, म्हणजे दात किडणे, आणि हिरड्या व दाताभोवतालचे हाड यांचा दीर्घकालीन दाह, ज्याला व्यवहारात पायरिया म्हणतात. दंतक्षयात दाताचाच नाश होतो. पायरियात दात वरून धडधाकट दिसतो, परंतु त्याचा आधार झिजून तो हलू लागतो. मधुमेह आणि हिरड्यांचा विकार यांचा संबंध दुहेरी आहे : मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा दाह वाढतो आणि हिरड्यांचा तीव्र दाह रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे अवघड करतो. धूम्रपान व तंबाखूसेवन यांमुळेही दातांचा आधार लवकर खचतो.

अपघात, जबड्यातील गाठी, कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि काही दात जन्मतःच नसणे ही इतर कारणे होत. यांशिवाय एक सामाजिक कारण आहे. दुखणारा दात वाचवण्याचे उपचार खर्चिक आणि अनेक फेऱ्यांचे असतात. दात काढणे एका बैठकीत व कमी खर्चात होते. त्यामुळे वाचण्याजोगे दातही मोठ्या प्रमाणावर काढले जातात.

चर्वणक्षमतेवरील परिणाम

दाताचे स्थान

पुढचा दात गेला की व्यंग लगेच दिसते, म्हणून त्यावर उपाय लवकर होतो. दाढ गेली तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण चर्वणाचे नुकसान अधिक होते. पटाशीचे दात नसणारी व्यक्ती फळाची फोड सुरीने कापून दाढेखाली घेऊ शकते. दाढाच नसतील तर दळण्याचे काम हाताने उरकता येत नाही. एकाच बाजूच्या दाढा गेल्यास माणूस दुसऱ्या बाजूने चावू लागतो. कालांतराने त्या बाजूच्या दातांवर आणि जबड्याच्या सांध्यावर अधिक भार येतो.

जोडीचे महत्त्व

वरची एक दाढ गेली तर तिच्याखालची दाढ शाबूत असूनही निरुपयोगी होते. म्हणून केवळ दातांची संख्या मोजण्यापेक्षा एकमेकांवर टेकणाऱ्या दातांच्या जोड्या मोजणे अधिक उद्बोधक ठरते. एका व्यक्तीच्या फक्त वरच्या जबड्यात १४ दात आहेत आणि दुसरीच्या वर सात व खाली सात दात आहेत असे मानले, तर संख्या समान असूनही पहिलीला चावणे जवळजवळ अशक्य होते. दुसरीला मात्र, दात समोरासमोर असतील तर, बऱ्यापैकी चावता येते.

उरलेल्या दातांची हालचाल

रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात हळूहळू तिच्याकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दात त्या पोकळीत लांब होऊ लागतो. तिरप्या झालेल्या दातांच्या फटींत अन्न अडकते, तेथे कीड व हिरड्यांचा दाह सुरू होतो आणि एका दाताचे नुकसान पुढच्या दातापर्यंत पोहोचते. पुढे त्या जागी कृत्रिम दात बसवायचा झाल्यास जागाही अपुरी पडते.

हाडाची झीज

दाताच्या मुळांना आधार देणारे हाड दात असेपर्यंतच टिकते. दात काढल्यानंतर ते झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते व पुढे मंदगतीने आयुष्यभर चालू राहते. सर्व दात गेलेल्या व्यक्तींत दीर्घकाळात खालच्या जबड्याचे हाड वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट झिजते, असे दीर्घकालीन निरीक्षणांत आढळले आहे. गाल बसणे, हनुवटी पुढे आल्यासारखी दिसणे आणि खालची कवळी न टिकणे हे याचेच परिणाम होत.

शरीराची तडजोड

दात कमी झाल्यावर घास अधिक वेळा चावून भरपाई करता येईल असे वाटते. काही प्रमाणात तसे होतेही. पण बहुतेक जण पुरेसा अधिक वेळ चावत नाहीत, तर मोठे तुकडेच गिळतात. एक घास ३२ वेळा चावावा असे वडीलधारे सांगत आले आहेत. त्यातील आकड्याला शास्त्रीय आधार नाही, कारण मऊ भाताला आणि भाजलेल्या चण्याला लागणारे चर्वण सारखे नसते. सावकाश चावण्याचा उपदेश मात्र दात कमी असणाऱ्यांना विशेष लागू पडतो. न चावलेला मोठा तुकडा घशात अडकून गुदमरण्याचा धोका वृद्धांमध्ये, विशेषतः पक्षाघात वा कंपवात झालेल्यांमध्ये, वाढतो.

मापनाच्या पद्धती

चर्वणकार्य मोजण्याची जुनी व प्रचलित पद्धत चाळणीची आहे. व्यक्तीला ठरावीक प्रमाणात पदार्थ देऊन तो ठरावीक वेळा चावायला सांगतात, न गिळता बाहेर काढायला लावतात आणि वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्यांतून धुऊन किती भाग बारीक झाला हे पाहतात. १९५० मध्ये मॅन्ली आणि ब्रॅली या अमेरिकन संशोधकांनी या कामासाठी शेंगदाण्यांचा उपयोग केला होता. नैसर्गिक पदार्थाचा कठीणपणा दर वेळी सारखा नसल्यामुळे पुढे सिलिकोनचे घनाकृती तुकडे वापरले जाऊ लागले. दोन रंगांचे च्युइंग गम चावायला देऊन रंग किती मिसळले हे पाहण्याची पद्धत सोपी असल्याने वृद्धाश्रमांतही वापरता येते.

व्यक्तीचा स्वतःचा अनुभव जाणण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. त्यांत पदार्थांची यादी देऊन प्रत्येक पदार्थ सहज, कष्टाने की अजिबात चावता येत नाही असे विचारले जाते. अशी यादी त्या त्या प्रदेशाच्या आहारातूनच तयार करावी लागते. सफरचंद व मांसाचा तुकडा यांवर बेतलेली परदेशी प्रश्नावली ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसाची अडचण पुरती टिपू शकत नाही.

किती दात पुरेसे?

तोंडात किमान २० नैसर्गिक दात असतील तर बहुतेक प्रौढांना कवळीशिवाय समाधानकारक चावता येते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही आयुष्यभर किमान २० दात टिकवणे हे उद्दिष्ट म्हणून मांडले. नेदरलँड्समधील निमेगन विद्यापीठातील आर्नड कायझर यांनी १९८१ च्या सुमारास ‘आखूड दंतकमानी’ची संकल्पना पुढे आणली. मागच्या दाढा गेल्या, पण पुढचे दात आणि उपदाढा यांच्या जोड्या शाबूत असल्या, तर प्रत्येक रिकामी जागा भरण्याचा अट्टहास आवश्यक नाही, असे तिचे सार आहे. उरलेले दात निरोगी ठेवण्यावर पैसा व श्रम खर्च करणे अनेकदा अधिक हितावह ठरते.

जपानमध्ये १९८९ साली सरकार व दंतवैद्यांची संघटना यांनी ‘८०२०’ ही मोहीम सुरू केली. वयाच्या ८० व्या वर्षी २० दात, असा तिच्या नावाचा अर्थ आहे. आरंभी हे उद्दिष्ट गाठणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. २०१६ च्या सर्वेक्षणात ते ५० टक्क्यांच्या वर गेले. एका पिढीच्या अवधीत दंतहीनता इतकी घटू शकते, हे दात जाणे अटळ नसल्याचे ठळक प्रमाण मानले जाते.

आहार व आरोग्यावरील परिणाम

दात कमी असलेल्या व्यक्ती कच्च्या भाज्या, टणक फळे, कवचाची फळे, कडधान्ये व मांस टाळतात आणि मऊ, पिठूळ व गोड पदार्थांकडे वळतात. ब्रिटनमधील ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या राष्ट्रीय आहार सर्वेक्षणात दंतहीन व्यक्तींच्या आहारात तंतुमय पदार्थ व ‘क’ जीवनसत्त्व कमी आढळले. वृद्धांत प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, चाल मंदावते व पडण्याची शक्यता वाढते.

तुकडे मोठे राहिल्याने पचन बिघडते का, हा प्रश्न वेगळा आहे. निरोगी जठर व आतडे चर्वणातील उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. म्हणून दंतहानीचा मुख्य अपाय पचनाच्या मार्गाने होत नाही, तर पदार्थांच्या निवडीतून होतो : जे खाल्लेच जात नाही त्याचे पोषण मिळत नाही. दंतहानी व स्मरणशक्तीचा ऱ्हास या दोहोंत संबंध असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. तथापि दात गेल्यामुळेच स्मृती ढासळते असे सिद्ध झालेले नाही. दारिद्र्य, मधुमेह, तंबाखू अशी दोहोंना समान कारणेही असू शकतात.

चर्वणाखेरीज उच्चारावरही परिणाम होतो. मराठीतील त, थ, द, ध, न, स हे दंत्य वर्ण आणि ‘चमचा’, ‘जग’ यांसारख्या शब्दांतील दंततालव्य उच्चार वरचे पुढचे दात नसल्यास अस्पष्ट होतात. खाण्यास वेळ लागतो, अन्न सांडते, म्हणून काही वृद्ध पंगतीत बसणे टाळतात व एकटेच जेवू लागतात. एकट्याचे जेवण हळूहळू अपुरे होत जाते.

उपचार

निघणारी कवळी

सर्व दात गेलेल्यांसाठी पूर्ण कवळी आणि काही दात उरलेल्यांसाठी अंशतः कवळी बनवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवळ्या कडक केलेल्या रबराच्या होत्या. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ॲक्रिलिकचा वापर सुरू झाला व तो आजही चालू आहे.

कवळी म्हणजे गेलेले दात परत मिळणे नव्हे. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालेसारख्या अरुंद हाडावर टेकते व जिभेच्या प्रत्येक हालचालीने डळमळते. त्यामुळे तक्रारी बहुधा खालच्या कवळीबद्दल असतात. सरावाला काही आठवडे लागतात. आरंभी मऊ पदार्थ, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावणे असा क्रम ठेवतात. पुढच्या दातांनी तोडल्यास कवळी मागून सुटते, म्हणून पदार्थाचे तुकडे आधी हाताने वा सुरीने करावे लागतात.

हाड झिजत राहिल्याने काही वर्षांनी कवळी सैल होते. ती टाचणे वा भरणे, म्हणजे आतून नवा थर देणे, किंवा नवी करणे आवश्यक असते. सैल कवळी दीर्घकाळ वापरल्याने हिरडीवर व्रण पडतात. दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा कोणताही व्रण तज्ज्ञास दाखवणे अत्यावश्यक आहे, कारण तो कर्करोगाचा आरंभही असू शकतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवतात आणि मऊ ब्रशने रोज स्वच्छ करतात. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो.

दंतसेतू

रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांना घासून त्यांच्या आधाराने मधला कृत्रिम दात पक्का बसवतात. चावण्याचा जोर यात चांगला मिळतो. परंतु त्यासाठी शेजारचे निरोगी दातही घासावे लागतात.

दंतरोपण

जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढवण्याच्या पद्धतीला दंतरोपण म्हणतात. टायटेनियमशी हाड एकजीव होते, या स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांच्या शोधावर ही पद्धत उभी आहे; त्यांनी १९६५ साली प्रथम मानवावर तिचा प्रयोग केला. हाड व रोपण एकजीव होण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान यांमुळे अपयशाची शक्यता वाढते. पूर्ण दंतहीन व्यक्तींच्या खालच्या जबड्यात दोन रोपणे बसवून त्यांवर कवळी अडकवल्यास ती स्थिर राहते व चर्वणकार्य स्पष्टपणे सुधारते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिल्या पसंतीचा उपाय असल्याचे सहमतीने मांडले. भारतात खर्चामुळे तो अनेकांच्या आवाक्याबाहेर राहतो.

उपचार आणि आहार

नवे दात बसवल्याने चावता येऊ लागले, तरी आहार आपोआप सुधारत नाही, असे दिसून आले आहे. अनेक वर्षे मऊ अन्नाची सवय झालेली व्यक्ती कवळी लावूनही तेच खात राहते. म्हणून दंतोपचारासोबत आहाराचा सल्ला देणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्रातील स्थिती

आहाराचे स्वरूप

महाराष्ट्राचा पारंपरिक आहार दातांकडून बरेच काम घेतो. ज्वारी, बाजरी व नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, भाजलेले शेंगदाणे व फुटाणे, ऊस, पेरू, काकडी, मक्याचे कणीस आणि कोकणपट्टीतील सुके मासे यांना चांगल्या दाढा लागतात. भाकरीचा कडक पापुद्रा प्रथम टाळला जातो, मग भाकरीऐवजी पोळी व पोळीऐवजी भात येतो. मधुमेह असलेल्या वृद्धाच्या ताटात हा बदल विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण भाकरी-उसळीची जागा मऊ भात व चहात बुडवलेली बिस्किटे घेतात.

मिश्री, गुटखा आणि सुपारी

तंबाखू भाजून केलेली काळी पूड, म्हणजे मिश्री, दातांना लावण्याची सवय महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण व श्रमिक स्त्रियांत, दीर्घकाळ आढळते. तिने दात बळकट होतात असा समज आहे. वस्तुतः मिश्री हे तंबाखूचेच सेवन असून तिने हिरड्यांना इजा होते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो.

सुपारी व गुटखा यांमुळे तोंडाच्या आतील अस्तर घट्ट व तंतुमय होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. या विकारात दात सर्व असूनही घास तोंडात घेणे कठीण जाते व तिखट सोसत नाही. तोंड पुरेसे उघडत नसल्यामुळे दातांवर उपचार करणे किंवा कवळीचे माप घेणेही अवघड होते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली.

मुखकर्करोगावरील शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग काढावा लागल्यास चर्वणाचा प्रश्न अधिक गंभीर होतो. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) आणि त्याच संस्थेचे खारघर येथील कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र येथे अशा रुग्णांवर उपचार होतात. डोके व मान यांना किरणोपचार देण्यापूर्वी दातांची तपासणी करून टिकणार नाहीत असे दात आधीच काढतात, कारण किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो.

उपचारांची उपलब्धता : खांदेश्वर परिसर

भारतातील दंतवैद्यकाच्या शिक्षणाचा आरंभ १९२० साली रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात काढलेल्या महाविद्यालयाने झाला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून कार्यरत आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाचे नियमन सुरू झाले.

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाकडील खांदेश्वर हे दंतवैद्यकीय शिक्षणसंस्थांची दाटी असलेल्या पट्ट्यातील उपनगर आहे. हार्बर मार्गावर मानसरोवर व पनवेल यांच्या दरम्यान त्याचे स्थानक असून हा भाग रायगड जिल्ह्यातील पनवेल महानगरपालिकेच्या (स्थापना १ ऑक्टोबर २०१६) हद्दीत येतो. शेजारच्या कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे, खारघर-बेलापूर भागात भारती विद्यापीठाचे व येरळा मेडिकल ट्रस्टचे आणि त्याच मार्गावर पुढे नेरूळ येथे डी. वाय. पाटील व तेरणा या संस्थांचे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. तेथील दर सामान्यतः खासगी दवाखान्यांपेक्षा कमी असतात, परंतु फेऱ्या अधिक लागतात. पूर्ण कवळीसाठी माप घेण्यापासून बसवण्यापर्यंत पाच-सहा भेटी होतात. जिने चढू न शकणाऱ्या किंवा सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या वृद्धासाठी रुग्णालय जवळ असणे पुरेसे नसते. घरातील कोणी कामावरची रजा घेऊन सोबत गेले तरच उपचार पूर्णत्वास जातो.

केंद्र शासनाचा राष्ट्रीय मुखस्वास्थ्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांना देण्याच्या साहित्यात काठी, चष्मा व श्रवणयंत्र यांच्या जोडीने कवळीचाही समावेश आहे. चष्मा व काठी यांप्रमाणे कवळी ही दैनंदिन जीवनाची गरज आहे, ही मान्यता त्यातून मिळाली.

दात कमी असलेल्यांचा आहार

दात नसले तरी अन्नाचा कस टिकवता येतो. पदार्थ वगळण्याऐवजी त्याचे रूप बदलणे हे यातील मुख्य सूत्र आहे. मराठी स्वयंपाकात याची साधने पूर्वापार आहेत :

भाकरी : गरम आमटीत, दुधात किंवा ताकात कुस्करून, कडक पापुद्रा वगळून.
ज्वारी व नाचणी : आंबील किंवा पेज.
कडधान्ये : मोड आणून मऊ शिजवून घोटलेली उसळ, पिठले, घट्ट वरण, मुगाची खिचडी.
काकडी, गाजर, बीट : किसून दह्यातील कोशिंबीर.
पालेभाज्या : बारीक चिरून केलेली पातळ भाजी, अळूचे फदफदे.
शेंगदाणे व तीळ : भाजून केलेले कूट.
फळे : केळे, पपई, चिकू, पिकलेला आंबा, पेरू बिया काढून शिजवून.
प्रथिने : दूध, दही, मऊ पनीर, अंडे, काटे काढलेला मासा, खिमा.

सर्व पदार्थ एकत्र वाटून एकच लगदा करण्यापेक्षा प्रत्येकाची चव व रंग वेगळे राहतील असे ताट वाढणे इष्ट असते. चव हरवली की भूकही मंदावते. बसून, सावकाश व लहान घास घेऊन जेवल्यास गुदमरण्याचा धोका कमी होतो.

प्रतिबंध

फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे, गोड खाण्याची वारंवारता कमी करणे, तंबाखू व सुपारी टाळणे, मधुमेह नियंत्रणात ठेवणे आणि दुखत नसतानाही दात नियमितपणे तपासून घेणे हे मुख्य उपाय आहेत. हिरडीतून रक्त येणे ही पायरियाची आरंभीची सूचना असते. त्या वेळी दात घासणे थांबवण्याची चूक अनेक जण करतात. वास्तविक तेव्हा स्वच्छता व उपचार यांची गरज वाढलेली असते. दात काढण्याचा सल्ला मिळाल्यास तो वाचवता येईल का, आणि काढल्यास त्या जागेचे पुढे काय करायचे, हे दोन प्रश्न दंतवैद्यास आधीच विचारणे हिताचे असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या तोंडाची स्वच्छता ही शुश्रूषेतील दुर्लक्षित, पण महत्त्वाची बाब आहे.

लोकव्यवहारात

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण साधन व उपभोग यांचा मेळ न बसण्याबद्दल वापरली जाते. तिच्यातील दृष्टांत मात्र चर्वणक्षमतेचा आहे : भाजलेला चणा हा दाढांच्या बळाची कसोटी मानला गेला. दात गेलेली वडीलधारी माणसे विडा लहानशा खलबत्त्यात कुटून खात असत. दाढांचे काम बाहेरच्या साधनाने करून घेण्याचा तो घरगुती उपाय होता.

हे सुद्धा पहा

दंतक्षय
कवळी
पायरिया
लाळग्रंथी
मुखकर्करोग
खांदेश्वर